बाजारातून आणलेली तलंग मेली, शेजारी सांगू का?

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीच्या पत्राचा हा सारांश. निवृत्तीनंतर त्या आणि त्यांचे यजमान मुंबईहून गावच्या घरी राहायला आले. घरात ७८ वर्षांच्या सासूबाई, त्यांच्या ११ गावरान कोंबड्या आणि राखणीसाठी, म्हणजे राखणदार देवाला द्यायला, ठेवलेला एक कोंबडा. त्यातली एक कोंबडी सध्या पडवीतल्या टोपलीत अंडी उबवायला खुडूक बसली आहे. अंडी वाढावीत म्हणून या भगिनींनी आठवडी बाजारातून ६ तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, आणल्या. विकणाऱ्याने 'लस झालेली आहे' असं सांगितलं. संध्याकाळी तलंगा जुन्या कोंबड्यांबरोबरच खुराड्यात गेल्या. चौथ्या दिवशी एक तलंग पिसं फुलवून कोपऱ्यात बसली, हिरवट पातळ हगली, चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागली आणि पाचव्या दिवशी मेली. यजमानांनी ती वहाळाच्या कडेला टाकून दिली. सहाव्या दिवशी दुसरी शिंकू लागली आणि सासूबाईंच्या एका कोंबडीने मऊ कवचाचं अंडं घातलं. दीर म्हणतात, 'उरलेल्या येत्या बाजारी विकून टाका, नाहीतर कापून खाऊया.' यजमान म्हणतात, 'डॉक्टरला बोलावू नकोस, सरकारी माणसं येऊन वाडीतल्या सगळ्या कोंबड्या मारतील आणि वाडी आपल्याला नावं ठेवील.' सासूबाई बोलत नाहीत. 'औषध कोणतं द्यावं? शेजारी सांगावं का?' असं या भगिनींनी विचारलं आहे.

उत्तर :

ताई,

पत्र हाती आलं त्याच दिवशी तुम्हाला दोन ओळींचा निरोप पाठवला : नव्या तलंगा आजच्या आज वेगळ्या करा आणि दवाखान्यात फोन करा. आता सविस्तर लिहिते, कारण बाजारातून कोंबडी आणून तिला थेट खुराड्यात सोडणं हे घरोघरी चालतं आणि तुमच्यासारखी रात्र अनेकांनी काढलेली असते.

औषधाचा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात. त्यामागे असा क्रम धरलेला आहे, की रोगाचं नाव कळेल, मग औषध मिळेल आणि मग बाकीचं ठरवू. कोंबड्यांच्या बाबतीत हा क्रम चालत नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं राणीखेतची असू शकतात, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. ती बर्ड फ्लूचीही असू शकतात. कोंबड्यांच्या पटकीतही हिरवट हगवण लागून पक्षी पटकन मरतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात माझी बरीच वर्षं गेली, तरी नुसतं बघून यातला कोणता रोग हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नमुना प्रयोगशाळेत जावाच लागतो. शिवाय पहिले दोन रोग विषाणूंचे, त्यांच्यावर औषधच नाही. म्हणजे नाव कळेपर्यंत हातावर हात ठेवून बसलात, तर नाव कळेल तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसेल. वेगळं करणं, हातपाय धुणं आणि कळवणं या तीन गोष्टींसाठी मात्र नावाची गरज नाही.

सगळेच आजार असे जीवघेणे नसतात, हेही सांगते. नुसत्या शिंका, डोळ्याच्या कोपऱ्यात फेस आणि रात्री खुराड्यातून घरघर एवढंच असेल तर बहुधा मायकोप्लाझ्मा या जंतूची जुनाट सर्दी असते. तोंड सुजून नाकातून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर कोरायझा. लहान पिल्लं रक्त हगत असतील तर रक्ती हगवण. यांवर औषधं आहेत आणि वेळेवर दिली तर पक्षी वाचतात. कोंबड्या झोपल्यावर दिवा न लावता खुराड्याजवळ पाच मिनिटं उभ्या राहा आणि ऐका. दिवसाच्या कलकलाटात न कळणारी घरघर तेव्हा स्पष्ट ऐकू येते. कोणत्या बाजूने येते ते लक्षात ठेवून सकाळी डॉक्टरांना सांगा.

फक्त कपाटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या पाण्यात विरघळवून देऊ नका. विषाणूवर ती चालत नाहीत, अंड्यांत उतरतात, आणि लक्षणं अर्धवट दबली की निदान आणखी अवघड होतं. हळद-लसूण घातलेला मऊ भात सासूबाई देत असतील तर खुशाल देऊ दे, आजारी पक्ष्याच्या पोटात काहीतरी जातं. पण तेवढ्यावर विसंबून थांबू नका.

वेगळं करणं म्हणजे काय, यावर थोडी रेंगाळते, कारण खरी गडबड इथेच होते. त्याच पडवीत दुसऱ्या डालग्याखाली झाकून ठेवलं म्हणजे वेगळं झालं नाही. शिंकेचे तुषार, हगवणीची धूळ, एकच पाण्याचं भांडं यांतून रोग जातोच. घराच्या दुसऱ्या टोकाला, गोठ्यामागे किंवा लाकडाच्या खोपीत जागा करा. जुन्या कोंबड्यांकडे वारा जाणार नाही अशी बाजू बघा. दाण्याची आणि पाण्याची भांडी वेगळी, झाडूही वेगळा. शिंकणारी तलंग बाकीच्या चार नव्यांपासूनही दूर ठेवा. मऊ अंडं घालणाऱ्या जुन्या कोंबडीलाही तिसरीकडे ठेवा. सकाळी आधी जुन्या, धडधाकट कोंबड्यांचं करायचं, मग नव्यांचं, सगळ्यात शेवटी आजारी कोंबडीचं. उलट दिशेने जायचं झालं तर आंघोळ करून कपडे बदलूनच. आजारी बाजूची चप्पल तिथल्या उंबऱ्यालाच राहील. नाकातोंडाला मास्क किंवा पदर, हातात मोजे, आणि ते नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या.

चपलेबद्दल एवढं बजावून सांगते त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वस्तीवर मानमोडीची साथ बघून मी संध्याकाळी थेट माहेरी गेले होते. आई परसात कोंबड्यांना कणी टाकत होती. मी त्याच चपलांनी तिच्याजवळ जाऊन गप्पा मारत उभी राहिले. आठवडाभरात तिच्या कोंबड्या मान पिरगळून पडायला लागल्या. चौदांपैकी दोन वाचल्या. लोकांना दिवसभर 'हात धुवा, पाय धुवा' सांगणारी मी, रोग माझ्याच पायाने आईच्या दारात गेला. आईने मला कधी दोष दिला नाही. आजही कुणाच्या खुराड्याजवळ जाताना माझी नजर आधी पायांकडे जाते.

म्हणून सासूबाईंच्या अबोल्याबद्दल लिहिते. तुमच्या पत्रात एक वाक्य तीनदा आलं आहे : 'रोग मीच आणला.' तसं असू शकतं. मानमोडीची लक्षणं लागण झाल्यापासून साधारण दोन ते पंधरा दिवसांत, बहुतेकदा पाच-सहा दिवसांत दिसतात. चौथ्या दिवशी आजारी पडलेली तलंग बाजारातल्या गच्च भरलेल्या पिंजऱ्यातूनच लागण घेऊन आली असेल, ही शक्यता मोठी आहे. पण उलटंही घडतं. जुन्या कोंबड्या एखाद्या आजारातून उठून वरून ठणठणीत दिसतात आणि जंतू अंगात बाळगून असतात. प्रवासाने, उन्हाने, जागा बदलल्याने दमलेल्या नव्या पक्ष्यांना तेच जंतू आडवं करतात. मऊ कवचाचं अंडंही रोगाचंच असेल असं नाही. खुराड्यात अनोळखी तलंगा घुसल्याच्या भीतीनेही कोंबडी तसं अंडं घालते, चुना कमी पडला तरी घालते. रोगाच्या नावाचंच बघा. राणीखेत हे उत्तराखंडच्या कुमाऊंतलं थंड हवेचं गाव. भारतात हा रोग १९२० च्या दशकात तिथे ओळखला गेला, म्हणून त्याचं नाव रोगाला चिकटलं. बाकीचं जग त्याला इंग्लंडमधल्या शहरावरून न्यूकॅसल म्हणतं. रोग त्या दोन गावांनी जन्माला घातला नव्हता, तो फक्त तिथे कुणीतरी नीट बघितला आणि सांगितला. सासूबाईंसमोर बसून एवढंच म्हणा, की न विचारता एकत्र सोडल्या ही माझी चूक झाली, आता तुम्ही सांगा कोणती कोंबडी कालपासून वेगळी वागते आहे. रोज त्यांच्यामध्ये वावरणाऱ्या बाईला जे दिसतं ते कुठल्याही डॉक्टरला एका भेटीत दिसत नाही. रोज किती अंडी, कोण खात नाही, कोण शिंकलं हे एका वहीत लिहा. त्या सांगतील, तुम्ही लिहा. तपासणीच्या वेळी त्या वहीचा फार उपयोग होतो.

आता तुमच्या यजमानांची भीती. ती मी उडवून लावणार नाही, कारण ती निराधार नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू सापडला, आणि तिथे लाखांच्या घरात पक्षी मारावे लागले. २०२५ च्या सुरुवातीला रायगडमध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला तर परसातल्या कोंबड्यांतच तो निघाला. बर्ड फ्लू ठरला तर साधारण एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारले जातात, हे खरं. पण ते भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतून खात्री झाल्यावर. डॉक्टर दारात आले म्हणून कुणी कोंबड्या मारत नाही. मानमोडी निघाली तर वाडीतले पक्षी मारण्याचा प्रश्नच येत नाही, तिथे वेगळं ठेवणं आणि लस एवढंच असतं.

दुसरी गोष्ट त्यांना जरूर सांगा. बर्ड फ्लूमध्ये भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. लपवून ठेवलं आणि महिनाभराने, अर्ध्या वाडीच्या कोंबड्या मेल्यावर बातमी बाहेर आली, तर नुकसानही मोठं होतं आणि हातात काही पडत नाही. कायद्याचंही बघा : प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे अशा रोगाची शंका आली की मालकाने ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवायला हवं. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मिळते. तिथे नुसतं 'कोंबडी आजारी आहे' म्हणू नका. किती होत्या, किती दिवसांत किती मेल्या, आसपास कावळे किंवा बगळे मेलेले दिसले का, हे सांगा. एकदम अनेक पक्षी मेले, तुरे निळे-काळे पडले, डोकं सुजलं, पायांवर लाल डाग दिसले, तर रात्र असली तरी फोन करा.

दिरांचा सल्ला मात्र मला अजिबात मान्य नाही. आजारी तलंगा येत्या बाजारी विकणं म्हणजे तुमच्या दारातला रोग आणखी पाच घरांत पोचवणं. तुमची फसवणूक झाली असं तुम्हाला वाटतं आहे ना, मग त्या पाच घरांतल्या बायकांनाही उद्या तसंच वाटेल. विकणाऱ्यालाही तलंगा आधीच कुणाकडून तरी तशाच मिळाल्या असतील. कापून खाण्यातला धोका वेगळा आहे. मांस ७० अंशांवर नीट शिजलं की बर्ड फ्लूचा विषाणू मरतो, त्यामुळे निरोगी कोंबडीचा रस्सा खायला कुणी घाबरू नये. पण आजारी पक्षी कापताना, त्याची पिसं काढताना, आतडी साफ करताना जे रक्त आणि पाणी उडतं ते हातातोंडाशी येतं, आणि लागण होते ती तिथे. आजारी किंवा मेलेली कोंबडी कापू नका, कुत्र्या-मांजरांनाही घालू नका. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. घरातलं मांजर त्याच कुळातलं.

यावरून वहाळाची गोष्ट. सांगताना मलाही बरं वाटत नाही, पण ती तलंग अजून तिथे असेल तर उचलावी लागेल. मोजे घालून, मास्क लावून, दुहेरी पिशवीत. कुत्र्यांनी किंवा कावळ्यांनी ती नेली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, संकोच करू नका. यापुढे एखादी मेली तर कापायची नाही, धुवायची नाही. पिशवीत बांधून सावलीत, शक्यतो बर्फाजवळ ठेवायची आणि लगेच फोन करायचा, कारण ताजं शव प्रयोगशाळेच्या कामाचं असतं. बर्ड फ्लूची शंका असताना ती स्वतः गाडीवर घालून दवाखान्यात नेऊ नका, त्यांनाच येऊ द्या. नमुना नको असं त्यांनी सांगितलं तर विहिरीपासून आणि वहाळापासून लांब, कुत्र्यांना उकरता येणार नाही असा चांगला कमरेएवढा खड्डा खणा आणि वरखाली चुना टाकून पुरा. खुराड्याचं आधी खरवडून सगळं तूस आणि हगवण काढा, तीही पुरा. मग साबणाच्या पाण्याने घासा, वाळू द्या, नंतर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारा आणि ऊन लागू द्या. घाण तशीच ठेवून वरून मारलेल्या औषधाचा उपयोग होत नाही. ब्लीचिंगमध्ये फिनेल किंवा अ‍ॅसिड मिसळू नका, त्याने वाईट वाफ सुटते.

आणि आता तो प्रश्न, जो तुम्ही शेवटी, एका ओळीत विचारलात : शेजारी सांगावं का?

ताई, मला वाटतं तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे. आपण म्हणतो सासूबाईंच्या अकरा, शेजारच्या काकूंच्या सात, वरच्या घरच्या वीस. संध्याकाळी खुराड्यात मोजायला हा हिशेब ठीक आहे. पण दिवसभर त्या एकाच उकिरड्यावर उकरतात, एकाच गडग्यावरून उड्या मारतात, एकाच डबक्यातलं पाणी पितात. रोगाच्या लेखी वाडीतल्या सगळ्या कोंबड्या हा एकच कळप आहे. तुमच्या दारात सहा दिवस झाले, म्हणजे काकूंच्या कोंबड्यांपर्यंत कदाचित तो आजच पोचतो आहे. आज सांगितलंत तर त्या आपल्या कोंबड्या कोंडून ठेवू शकतात. पंधरा दिवसांनी कळलं तर त्या कोंबड्यांपेक्षा तुमच्या न सांगण्याचंच दुःख जास्त करतील. यजमानांना वाटतं सांगितल्याने वाडी नावं ठेवील. मी जेवढ्या साथी बघितल्या त्यात वाडीने नावं ठेवली ती लपवणाऱ्याला.

शिवाय लस एकेकट्याने देताच येत नाही. मानमोडीची लस कुपीत येते ती शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांपुरती. ती थंड, दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. अकरा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? वाडीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एक सकाळ ठरवली आणि पक्षी आदल्या रात्री कोंडून ठेवले, तरच ते जमतं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटा या लसीचा एक थेंब, महिन्याभराने पुन्हा तीच पाण्यातून, आणि आठ आठवड्यांनंतर पंखाखाली आर-टू-बी या दुसऱ्या लसीची सुई, असा साधारण क्रम असतो. 'लस झालेली आहे' या वाक्याला म्हणूनच फार अर्थ नाही. कोणती, कितव्या दिवशी, हे विचारायचं. सध्या साथीच्या मध्यावर कोणत्या पक्ष्यांना टोचायचं ते मात्र डॉक्टर ठरवतील. आजारी पक्ष्याला टोचून तीच सुई निरोग्याला लावली तर लसच रोग पसरवते.

काकूंकडे जाल तेव्हा त्यांच्या अंगणात शिरू नका, गडग्यापलीकडूनच बोला. 'आमच्याकडे एक तलंग मेली, दुसरी शिंकते आहे, काय आहे ते अजून कळलं नाही, डॉक्टरांना बोलावलं आहे, तुमच्या थोडे दिवस कोंडा.' इतकंच. रोगाचं नाव घेऊ नका, कारण ते तुम्हालाही माहीत नाही, आणि बर्ड फ्लू हा शब्द वाडीत वाऱ्यासारखा पसरतो.

पुढे कधी नवे पक्षी आणाल तर बाजारातल्या मिश्र पिंजऱ्यातून आणण्यापेक्षा एकाच ठिकाणची, एकाच वयाची पिल्लं घ्या. पशुसंवर्धन विभागाची अंडी उबवणी केंद्रं खडकी, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, तिथे आगाऊ नोंदणी करावी लागते. आणले की ३० दिवस वेगळे. महिना संपला की लगेच सगळे एकत्र सोडायचे नाहीत. जुन्यांपैकी एकच कोंबडी नव्यांबरोबर आठ-दहा दिवस ठेवायची. ती ठणठणीत राहिली तरच बाकीच्यांची गाठ घालायची.

राखणीचा कोंबडा मी बाकीच्या जुन्यांपासूनही वेगळा ठेवेन. सासूबाईंच्या मनात त्याची जागा काय आहे ते तुम्ही लिहिलं आहेच. या काळात तो आजारी पडला तर राखणीला दुसरा बघता येईल, पण आजारी कोंबडा द्यायचा नाही, हे आत्ताच त्यांच्याशी बोलून ठेवा.

राहिली पडवीतली खुडूक. ती नव्या तलंगांपासून आधीच दूर होती, हे तुमचं नशीब. तिला हलवू नका, टोपली आहे तिथेच राहू दे, तिचं दाणापाणी सकाळी सगळ्यात आधी करा, धुतलेल्या हातांनी. पिल्लं निघाली तर ती तुमच्याच घरी वाढू देत, कुणालाही जोडी म्हणून देऊ नका, कारण मायकोप्लाझ्मा अंड्यातून पिल्लात उतरतो आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत आपल्याला काहीच ठाऊक नाही. ती उठून दाण्याला येते का, एवढं सासूबाईंना रोज बघायला सांगा. आली की वहीत एक रेघ ओढा.